डेस्कटॉपवरील डेटाबेस सर्व्हर आणि मेमरीची वाटणी

डेटाबेस सर्व्हरला किती मेमरी द्यावी या प्रश्नाची जी उत्तरे अधिकृत पुस्तिकांत सापडतात, त्यांतील बहुतेक एका गृहीतकावर उभी असतात: सर्व्हर ज्या यंत्रावर चालतो ते यंत्र त्याच्या एकट्यासाठी राखलेले आहे. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसची पुस्तिका १ जीबी वा त्याहून अधिक मेमरीच्या राखीव यंत्रावर सुरुवातीचे माप म्हणून एकूण मेमरीच्या २५ टक्के भाग सुचवते आणि ४० टक्क्यांच्या पुढे गेल्याने सहसा अधिक लाभ होत नाही असे सांगते. मायएसक्यूएलची पुस्तिका तशाच राखीव यंत्रावर ८० टक्क्यांपर्यंत जाण्यास मोकळीक देते. डेस्कटॉपवर हे गृहीतकच लागू पडत नाही. तेथे त्याच मेमरीतून ब्राउझर, संपादक, नकाशे हाताळणारा प्रोग्रॅम, अँटिव्हायरस आणि खुद्द ऑपरेटिंग सिस्टिम यांचाही वाटा निघत असतो, डेटाबेस वापरणारी व्यक्ती बहुधा एकच असते, आणि यंत्र सकाळी सुरू होऊन रात्री बंद होते. त्यामुळे राखीव सर्व्हरसाठीच्या टक्केवाऱ्या डेस्कटॉपवर जशाच्या तशा उचलल्या तर त्या गती वाढवण्याऐवजी अनेकदा घटवतात. या लेखात पोस्टग्रेएसक्यूएल, म्हणजे संक्षेपाने पोस्टग्रेस, हे मुख्य उदाहरण धरून आणि इतर डेटाबेसची जोड देऊन या प्रश्नाचा आढावा घेतला आहे.

डेटाबेसला मेमरी लागते याचे मूळ कारण साठवणुकीच्या माध्यमांतील गतीची तफावत हे आहे. मुख्य मेमरीतील माहिती प्रोसेसरपर्यंत पोहोचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. चांगल्या एसएसडीवरून तीच माहिती आणायला दहा ते शंभर मायक्रोसेकंद, आणि मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या जुन्या डिस्कवर केवळ अर्ध्या फेऱ्याची वाट पाहण्यातच सरासरी चार मिलिसेकंदांहून अधिक काळ जातो. म्हणून प्रत्येक डेटाबेस आपली माहिती ठरावीक आकाराच्या पानांत विभागतो, पोस्टग्रेसमध्ये हे पान ८ केबीचे आणि मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत १६ केबीचे असते, आणि वारंवार लागणारी पाने मेमरीतील एका राखीव जागेत धरून ठेवतो. या जागेला बफर कॅश किंवा बफर पूल म्हणतात. कोणते पान मेमरीत ठेवणे परवडते याचे आर्थिक गणित जिम ग्रे आणि जॅनफ्रँको पुत्झोलू यांनी १९८७ मध्ये मांडले आणि त्या काळच्या किमतींनुसार जे पान दर पाच मिनिटांत एकदा तरी वाचले जाते ते मेमरीत ठेवावे असा निष्कर्ष काढला. पुढे किमती बदलल्या, माध्यमे बदलली आणि मिनिटांचा आकडाही बदलला, परंतु मेमरी ही केवळ उपलब्धतेनुसार भरण्याची वस्तू नसून तिच्या प्रत्येक वापराचा मोबदला तपासता येतो हा त्या निबंधातील विचार आजही ग्राह्य आहे, आणि डेस्कटॉपवर तर तो विशेषच लागू पडतो, कारण तेथे डेटाबेसला दिलेला प्रत्येक एमबी दुसऱ्या कोणाकडून तरी काढून घेतलेला असतो.

मेमरीत पाने ठेवण्याचे हे काम डेटाबेसने करावे की ऑपरेटिंग सिस्टिमने, हा वाद त्याहून जुना आहे. प्रत्येक आधुनिक ऑपरेटिंग सिस्टिम फाइलींतून वाचलेली पाने स्वतःच्या कॅशमध्ये ठेवते आणि मोकळी दिसणारी मेमरी त्यासाठी वापरत राहते. बर्कलेचे मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८१ मधील एका निबंधात असे दाखवून दिले की ही सोय डेटाबेसच्या गरजांशी जुळत नाही: कोणते पान पुढे लागणार आहे हे डेटाबेसला ठाऊक असते, ऑपरेटिंग सिस्टिमला नसते, आणि कोणते पान डिस्कवर आधी लिहिले गेले पाहिजे याचा क्रमही केवळ डेटाबेसच सांगू शकतो. याच स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून पुढे पोस्टग्रेएसक्यूएल घडला, आणि तोच डेटाबेस आज ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशवर सर्वाधिक विसंबणाऱ्यांपैकी एक आहे. पोस्टग्रेस स्वतःचा मर्यादित कॅश ठेवतो आणि त्याच्या खाली ऑपरेटिंग सिस्टिमचा कॅश गृहीत धरतो, त्यामुळे एकच पान दोन्ही ठिकाणी असण्याची शक्यता राहते. इनोडीबीत मात्र ऑपरेटिंग सिस्टिमचा कॅश टाळून थेट डिस्कशी व्यवहार करण्याचा पर्याय असतो, आणि त्या पर्यायाने चालणारा सर्व्हर आपला सारा भार स्वतःच्या बफर पूलवर टाकतो. पुस्तिकांतील २५ आणि ८० टक्क्यांमधला फरक मुख्यतः या रचनाभेदातून येतो.

बफर पूल भरला की कोणते पान बाहेर काढायचे, हे ठरवणारी पद्धत पूलच्या आकाराइतकीच महत्त्वाची असते. सर्वांत आधी वापरलेले पान सर्वांत आधी काढावे हा नियम सरळ वाटतो, पण एखादा मोठा तक्ता एकदाच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला गेला की या नियमाने उपयुक्त पाने हुसकावली जातात. आयबीएमच्या संशोधनशाळेतील निम्रोद मेगिद्दो आणि धर्मेंद्र मोधा यांनी २००३ मध्ये यावर एआरसी नावाची स्वतःला जुळवून घेणारी पद्धत सुचवली. पोस्टग्रेसने २००५ मधील ८.० या आवृत्तीत ती स्वीकारली, पण आयबीएमचा पेटंटसाठीचा अर्ज लक्षात येताच ८.०.२ मध्ये ती काढून टाकली आणि ८.१ पासून घड्याळाच्या काट्यासारखी फिरणारी आजची पद्धत आणली, जिच्यात प्रत्येक पानाच्या वापराची नोंद शून्य ते पाच या आकड्यांत ठेवली जाते आणि शून्यावर आलेले पान बाहेर जाते. शिवाय कॅशच्या एक चतुर्थांशाहून मोठा तक्ता सलग वाचायचा असेल तर पोस्टग्रेस त्यासाठी बफरांचे केवळ एक छोटे वर्तुळ वापरतो. इनोडीबी नवे पान यादीच्या अग्रभागी न ठेवता मागच्या तीन अष्टमांश भागाच्या तोंडाशी ठेवते आणि पुन्हा मागणी आली तरच ते पुढे नेते. या तरतुदींमुळे कॅश लहान असला तरी तो सहजी बिघडत नाही, आणि डेस्कटॉपवर माफक कॅश पुरण्याचे हे एक कारण आहे.

पोस्टग्रेसच्या या मुख्य कॅशचे माप शेअर्ड बफर्स या सेटिंगने ठरते. त्याचे मूळ मूल्य १२८ एमबी आहे, ते बदलले तर सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो, आणि दिलेली जागा एकदा पानांनी भरली की सर्व्हर चालू असेपर्यंत ती इतर प्रोग्रॅमच्या कामी येत नाही. २०१३ च्या ९.३ आवृत्तीपूर्वी हे मूल्य वाढवणे किचकट होते, कारण लिनक्सच्या कर्नलमध्ये सामायिक मेमरीची कमाल मर्यादा अनेकदा केवळ ३२ एमबी असे आणि ती आधी वाढवावी लागे, ९.३ ने सामायिक मेमरी मिळवण्याची पद्धत बदलली आणि ही अडचण संपली. विंडोजसाठी पुस्तिकेत दीर्घकाळ ६४ ते ५१२ एमबी हीच उपयुक्त मर्यादा दिलेली होती आणि ती दहाव्या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. तरीही जुन्या सल्ल्यांत ती अजून टिकून आहे. डेस्कटॉपचा स्वतंत्र विचार करणारे एक साधन मात्र उपलब्ध आहे. पीजीट्यून हे सेटिंग सुचवणारे साधन वापराचे प्रकार वेगवेगळे धरते आणि डेस्कटॉप हा प्रकार निवडल्यास शेअर्ड बफर्ससाठी एकूण मेमरीचा एक चतुर्थांश न सुचवता सोळावा भाग सुचवते, म्हणजे १६ जीबीच्या यंत्रावर ४ जीबीऐवजी १ जीबी. हे माप अनेकांना कंजूषपणाचे वाटते, पण पोस्टग्रेसची रचना लक्षात घेता ते योग्य दिशेचे आहे, कारण शेअर्ड बफर्सच्या बाहेर राहिलेली पाने ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमध्ये राहू शकतात आणि ब्राउझरला अचानक जागा लागली तर तो कॅश विनातक्रार आक्रसतो, तर शेअर्ड बफर्सची जागा तशी आक्रसत नाही. एक ते दोन जीबी ही १६ जीबीच्या यंत्रासाठी पुरेशी मर्यादा मानावी; नेहमी लागणारा डेटा खरोखरच त्याहून मोठा आहे असे मोजमापातून दिसले तरच पुढे जावे.

खरी गुंतागुंत वर्क मेम या दुसऱ्या सेटिंगमध्ये आहे, आणि डेस्कटॉपवरील गतीचा मोठा हिस्साही तेथेच दडलेला असतो. क्वेरी चालवताना निकालांची क्रमवारी लावणे, दोन तक्ते जोडण्यासाठी हॅश तक्ता बांधणे किंवा गटवार बेरजा करणे अशा प्रत्येक क्रियेला जी तात्पुरती मेमरी लागते तिची मर्यादा वर्क मेम ठरवतो. त्याचे मूळ मूल्य ४ एमबी आहे, जे आजच्या यंत्रांवर विश्लेषणात्मक क्वेरींसाठी फारच तोकडे पडते. मर्यादा ओलांडली की काम थांबत नाही, पण ते डिस्कवरील तात्पुरत्या फाइलींत उतरते. परंतु ही मर्यादा संपूर्ण सर्व्हरसाठी नसते, एका जोडणीसाठीही नसते. ती प्रत्येक क्रियेसाठी स्वतंत्र असते, एका क्वेरीत अशा अनेक क्रिया असू शकतात, समांतर चालणाऱ्या क्वेरीत प्रत्येक सहायक प्रक्रिया ती स्वतंत्रपणे वापरू शकते आणि सहायकांची मूळ संख्या दोन असल्याने मुख्य प्रक्रियेसह हिशेब तिप्पट होतो. शिवाय तेराव्या आवृत्तीपासून हॅशवर आधारलेल्या क्रियांसाठी एक गुणक आला, त्याचे मूळ मूल्य पंधराव्या आवृत्तीपासून २.० आहे, म्हणजे अशा क्रियेला वर्क मेमच्या दुप्पट जागा घेता येते. शंभर जोडण्यांची मूळ मुभा तशीच ठेवून कोणी वर्क मेम २५६ एमबी केला आणि प्रत्येक जोडणीवर तीन क्रिया एकाच वेळी चालल्या, तर कागदोपत्री मागणी ७५ जीबीवर जाते.

या हिशेबाला घाबरून मूल्य ४ एमबीवरच ठेवावे असाही सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो डेस्कटॉपच्या संदर्भात चुकीचा आहे. शंभर जोडण्या ही राखीव सर्व्हरची परिस्थिती असते. डेस्कटॉपवर एक व्यक्ती दोन-चार जोडण्या उघडते. म्हणून आधी जोडण्यांची कमाल संख्या वीसच्या आसपास आणावी, जशी पीजीट्यूनही डेस्कटॉपसाठी धरते, आणि मग वर्क मेम ३२ किंवा ६४ एमबीपर्यंत निर्धास्तपणे न्यावा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे सर्वसाधारण मूल्य माफक ठेवून जड क्वेरीच्या आधी तेवढ्याच सत्रापुरते किंवा तेवढ्याच व्यवहारापुरते ते अर्ध्या किंवा एक जीबीपर्यंत वाढवणे. पोस्टग्रेस ही मुभा देतो, त्यासाठी सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागत नाही आणि काम संपल्यावर मूल्य आपोआप पूर्ववत होते. एकट्या वापरकर्त्याला आपली कोणती क्वेरी जड आहे हे माहीत असते. शेकडो अनोळखी ग्राहकांची सेवा करणाऱ्या सर्व्हरच्या व्यवस्थापकाला हे ज्ञान कधीच नसते. डेस्कटॉपचा हा मोठा फायदा आहे आणि तो वापरला जात नाही ही खेदाची गोष्ट आहे.

किती वाढवायचे हे अंदाजाने ठरवण्याची गरज नसते. क्वेरीचा प्रत्यक्ष चाललेला आराखडा मागवला, म्हणजे एक्सप्लेन अॅनलाइझ ही आज्ञा दिली, की क्रमवारी मेमरीत पूर्ण झाली की डिस्कवर गेली आणि किती केबी लागले हे तेथे छापून येते. डिस्कवर १०० एमबी लागले असे दिसले तर वर्क मेम १०० एमबी करून भागत नाही, कारण त्याच ओळी मेमरीत अधिक जागा घेतात. दुपटीच्या आसपास किंवा त्याहून पुढे जाऊन पुन्हा मोजावे लागते. हॅश जोडणीच्या बाबतीत काम किती तुकड्यांत विभागले गेले हे पाहावे, एकच तुकडा असेल तर मेमरी पुरली असे समजावे. बिटमॅप पद्धतीने तक्ता वाचताना काही पाने अचूक आणि काही ढोबळ नोंदली गेल्याचे दिसले, तर तेही वर्क मेम अपुरा पडल्याचे लक्षण असते. तेराव्या आवृत्तीपूर्वी हॅश पद्धतीची गटवार बेरीज ही मर्यादा ओलांडूनही मेमरीतच चालत राहत असे, त्यामुळे जुन्या आवृत्तीवर हिशेब बरोबर असूनही यंत्राची मेमरी संपण्याचे प्रसंग येत. नव्या आवृत्तीत हे कामही डिस्कवर उतरते.

इफेक्टिव्ह कॅश साइझ या सेटिंगबद्दल जितका गैरसमज आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाबद्दल असेल. ते कोणतीही मेमरी घेत नाही. क्वेरीचा मार्ग ठरवणाऱ्या नियोजकाला, शेअर्ड बफर्स आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा कॅश मिळून सुमारे किती पाने मेमरीत सापडण्याची शक्यता आहे, याचा अंदाज देणे एवढेच त्याचे काम असते. मूळ मूल्य ४ जीबी आहे. ते मोठे असेल तर नियोजक इंडेक्सच्या वाटेने जायला अधिक धजावतो, लहान असेल तर सलग वाचनाकडे झुकतो. डेस्कटॉपवर हा अंदाज प्रामाणिक असावा: नेहमीचे सर्व प्रोग्रॅम उघडलेले असताना ऑपरेटिंग सिस्टिम जेवढी मेमरी उपलब्ध म्हणून दाखवते, तिच्यात शेअर्ड बफर्स मिळवून येणारा आकडा येथे लिहावा. याच्याच शेजारी रँडम पेज कॉस्ट हे सेटिंग येते, जे मेमरीचे नसले तरी त्याच निर्णयावर परिणाम करते. त्याचे मूळ मूल्य ४.० हे फिरत्या डिस्कच्या काळातले आहे आणि एसएसडी असलेल्या यंत्रावर ते १.१ च्या जवळ आणणे सर्वमान्य झाले आहे. मेमरी वाढवूनही क्वेरी हटवादीपणे सलग वाचन करते अशा अनेक तक्रारींचे मूळ येथे सापडते.

इंडेक्स बांधणे आणि व्हॅक्यूम करणे, म्हणजे तक्त्यातील मृत ओळींची जागा मोकळी करणे, अशा देखभालीच्या कामांसाठी मेंटेनन्स वर्क मेम हे वेगळे सेटिंग आहे. त्याचे मूळ मूल्य ६४ एमबी आहे. वर्क मेमपेक्षा ते निर्धोक असते, कारण एका वेळी अशी कामे थोडीच चालतात आणि समांतर इंडेक्स-बांधणीतही ही मर्यादा सर्व सहायकांना मिळून एकच असते. मात्र पार्श्वभूमीवर आपोआप चालणारे व्हॅक्यूमचे तीन कामगार, वेगळे काही सांगितले नसेल तर, हीच मर्यादा प्रत्येकी घेतात. सतराव्या आवृत्तीपर्यंत व्हॅक्यूम १ जीबीच्या पुढची मेमरी वापरूच शकत नसे. २०२४ च्या त्या आवृत्तीत मृत ओळींची यादी ठेवण्याची रचना बदलून ही मर्यादा गेली आणि प्रत्यक्ष गरजही पुष्कळ घटली. डेस्कटॉपवर या सेटिंगचा खरा उपयोग मोठा डेटा एकदम भरताना होतो. भूगोलाच्या विद्यार्थ्याला ओपनस्ट्रीटमॅपमधील महाराष्ट्राचे रस्ते, नद्या आणि इमारती पोस्टजीआयएस या भौगोलिक विस्ताराच्या मदतीने आपल्या यंत्रावर घ्यायच्या असतील, तर भरणीच्या सत्रापुरते हे मूल्य १ जीबी करणे, आधी ओळी भरणे आणि नंतर इंडेक्स बांधणे या क्रमाने वेळ लक्षणीय वाचतो. भौगोलिक तक्त्यांवरील जीआयएसटी प्रकारचा इंडेक्स मात्र एक बारकावा समोर आणतो: तो बांधताना इंडेक्सचा आकार इफेक्टिव्ह कॅश साइझएवढा झाला की पोस्टग्रेस बांधणीची पद्धत बदलतो आणि मधल्या बफरांचा आधार घेतो. मेमरी न घेणाऱ्या सेटिंगमध्ये फुगवून लिहिलेला आकडा अशा ठिकाणी महागात पडू शकतो, कारण कॅश आधीच संपलेला असतो आणि ही बदली मात्र झालेली नसते.

मायएसक्यूएल आणि मारियाडीबी यांच्याबाबत चित्र तुलनेने साधे आहे. इनोडीबीचा बफर पूल हे एकच निर्णायक माप, त्याचे मूळ मूल्य तेथेही १२८ एमबी, आणि मायएसक्यूएल ५.७ पासून ते सर्व्हर चालू असतानाच बदलता येते, जे डेस्कटॉपवर फार सोयीचे आहे: काम सुरू करताना पूल वाढवावा आणि संपल्यावर घटवावा. मायएसक्यूएल ८.० मध्ये राखीव सर्व्हरसाठी एक स्वयंचलित पर्याय आहे, जो ४ जीबीहून अधिक मेमरी असलेल्या यंत्रावर पूलला ७५ टक्के भाग देतो. इतर प्रोग्रॅमसोबत यंत्र वापरायचे असेल तर तो चालू करू नये असे पुस्तिका स्पष्टपणे बजावते, तरीही केवळ सोयीस्कर म्हणून तो डेस्कटॉपवर चालू केला जातो. जुन्या सल्ल्यांतील क्वेरी कॅशचा भाग आता सोडून द्यावा, कारण मायएसक्यूएल ८.० मधून ती सोय काढून टाकली आहे. कोहा ही ग्रंथालय-प्रणाली याच डेटाबेसवर चालते, आणि लहान महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ती देवघेवीच्या टेबलावरील एकाच यंत्रावर ठेवायची असेल तर वेब सर्व्हर आणि ब्राउझर यांचा वाटा आधी वगळून मगच पूलचे माप ठरवणे आवश्यक असते.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा स्वभाव याच्या उलट आहे. त्याची कमाल मेमरी मुळात जवळपास अमर्याद असते, तो गरजेनुसार वाढत जातो आणि विंडोजकडून ताणाची सूचना आली की मेमरी परत करतो. परत करण्याची ही क्रिया वापरकर्त्याला हवी तितकी तत्पर नसते, म्हणून डेस्कटॉपवर कमाल मर्यादा स्वतः लिहिणे हेच पहिले काम ठरते. त्याच्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीत बफर पूल १,४१० एमबीच्या पुढे जातच नाही, आणि ओरॅकलची मोफत १८सी एक्सई आवृत्ती २ जीबी मेमरीवर थांबते. या मर्यादा व्यापारी कारणांनी घातलेल्या असल्या तरी डेस्कटॉपवरील सहजीवनाला त्या उपकारकच ठरल्या आहेत.

मेमरी कमी दिल्याने होणारे नुकसान आणि जास्त दिल्याने होणारे नुकसान सारख्या तोलाचे नसते, ही या सर्व विवेचनातील मध्यवर्ती बाब आहे. कमी दिली तर काही पाने पुन्हा वाचावी लागतात, आणि ती बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमध्येच सापडतात. जास्त दिली तर ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीतील पाने डिस्कवरील स्वॅपमध्ये ढकलू लागते, आणि मग डेटाबेसला जे पान मेमरीत आहे असे वाटते ते प्रत्यक्षात डिस्कवर असते. कॅश ज्या कारणासाठी ठेवला तेच कारण उरत नाही. सर्व प्रोग्रॅमांची एकत्रित गरज उपलब्ध मेमरीच्या पलीकडे गेली की यंत्र पानांची ने-आण करण्यातच सारा वेळ घालवते आणि गती हळूहळू न घटता एकदम कोसळते, हे पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच दाखवले होते. लिनक्सवर याची पुढची पायरी अधिक कठोर आहे: मेमरी संपली की कर्नल एखादी मोठी प्रक्रिया मारून टाकतो, आणि ती पोस्टग्रेसची एखादी जोडणी असेल तर सामायिक मेमरीच्या शुद्धतेची खात्री उरत नसल्याने पोस्टग्रेस इतर सर्व जोडण्याही तोडतो आणि पुनर्प्राप्तीची प्रक्रिया करून पुन्हा सुरू होतो. राखीव सर्व्हरवर यावर उपाय म्हणून कर्नलला मर्यादेबाहेर मेमरी कबूल न करण्याची ताकीद देतात, पण डेस्कटॉपवरील पुष्कळ प्रोग्रॅम वापरतात त्याहून बरीच अधिक मेमरी मागून ठेवत असल्याने तो उपाय तेथे त्रासदायक ठरतो. विंडोज मुळातच मेमरी आणि पेजफाइल यांच्या बेरजेपलीकडे कोणाला काही कबूल करत नाही, त्यामुळे तेथे प्रक्रिया मारली जाण्याऐवजी मागणी नाकारली जाते आणि क्वेरी त्रुटी देऊन थांबते.

डेस्कटॉपवर डेटाबेस कंटेनरमध्ये चालवण्याची पद्धत रूढ झाल्यापासून या हिशेबात आणखी एक थर वाढला आहे. विंडोजमध्येच लिनक्स चालवू देणाऱ्या डब्ल्यूएसएल या सोयीच्या दुसऱ्या आवृत्तीतील लिनक्सला मुळात यंत्राच्या निम्मीच मेमरी मिळते, म्हणून १६ जीबीच्या यंत्रावरील कंटेनरसाठी टक्केवारीचा आधार ८ जीबी असतो. डॉकरच्या कंटेनरमध्ये सामायिक मेमरीची जागा मुळात ६४ एमबीच असते, आणि वर्क मेम वाढवल्यावर समांतर हॅश जोडणी करणारी क्वेरी सामायिक मेमरीचा तुकडा वाढवता आला नाही अशी त्रुटी देऊ लागते. दोष वर्क मेमचा आहे असे समजून तो पुन्हा घटवला जातो, वस्तुतः कंटेनर सुरू करताना ती जागा वाढवणे हा योग्य उपाय असतो.

मोजमापाच्या बाबतीत सर्वाधिक दिशाभूल हिट रेशो या आकड्याने होते. एकूण मागण्यांपैकी किती पाने शेअर्ड बफर्समध्ये सापडली याचे हे प्रमाण असते आणि ते ९९ टक्के असावे असे सांगितले जाते. परंतु पोस्टग्रेसच्या दृष्टीने जे पान बाहेरून वाचले ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधून आले की खऱ्या डिस्कवरून, हे त्या आकड्यात दिसत नाही, आणि एकच पान हजारदा वाचणारी वाईट क्वेरी हे प्रमाण उत्तम दाखवते. त्यापेक्षा वाचनाला लागलेला वेळ नोंदवण्याचे सेटिंग चालू करून आराखड्यातील पानांची संख्या आणि वेळ एकत्र पाहणे, तात्पुरत्या फाइलींची नोंद लॉगमध्ये घेणे, आणि सोळाव्या आवृत्तीपासून उपलब्ध झालेले वाचन-लेखनाचे तपशीलवार आकडे तपासणे अधिक विश्वसनीय ठरते. एका वेळी एकच सेटिंग बदलावे आणि तीच क्वेरी किमान दोनदा चालवून दुसरा आकडा ग्राह्य धरावा, कारण पहिल्या खेपेत कॅश थंड असतो. हा थंड कॅश डेस्कटॉपवर रोजचा असतो. राखीव सर्व्हर महिनोन्‌महिने चालू राहतो, डेस्कटॉपवर दर सकाळी शेअर्ड बफर्स रिकामे असतात. अकराव्या आवृत्तीपासून पीजी प्रीवॉर्म हा विस्तार दर पाच मिनिटांनी मेमरीतील पानांची यादी लिहून ठेवतो आणि सर्व्हर सुरू होताच ती पाने परत आणतो. इनोडीबी हेच काम सर्व्हर बंद होताना आपोआप करते. या एका सोयीने मिळणारा लाभ शेअर्ड बफर्स दुप्पट करण्याच्या लाभापेक्षा अनेकदा मोठा असतो.

सेटिंगची निवड यंत्रावरच सोपवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॅना व्हॅन एकेन, अँडी पाव्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ऑटरट्यून ही, आधीच्या अनेक सर्व्हरांच्या अनुभवावरून नव्या सर्व्हरची सेटिंग सुचवणारी प्रणाली मांडली आणि पुढे तिच्यावर आधारित कंपनीही निघाली, जी २०२४ मध्ये बंद झाली. अशा प्रणालींना स्थिर आणि दीर्घकाळ चालणाऱ्या कामाच्या नोंदी लागतात. सकाळी नकाशा, दुपारी आकडेमोड आणि संध्याकाळी काहीच नाही अशा डेस्कटॉपच्या दिनक्रमातून तशा नोंदी मिळणे कठीण असते.

मराठी मजकूर साठवणाऱ्यांनी या सर्व आकड्यांत एक दुरुस्ती करून घ्यावी. यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा मात्रा, तीन बाइट घेते. ‘पुणे’ हा शब्द चार चिन्हांचा, म्हणजे बारा बाइटांचा होतो, तर रोमन लिपीतले तेच नाव चार बाइटांत बसते. त्यामुळे मतदारयादी, ग्रंथसूची किंवा सात-बाराच्या नोंदी असलेल्या तक्त्यात एका पानावर कमी ओळी मावतात, तोच डेटा अधिक पाने व्यापतो, आणि नावांनुसार क्रमवारी लावताना वर्क मेमही लवकर भरतो. मराठी वर्णक्रमानुसार क्रमवारी हवी असल्यास दोन नावांची तुलना बाइटांच्या साध्या तुलनेपेक्षा बरीच खर्चीक असते, आणि तो खर्च प्रोसेसरचा असल्याने मेमरी कितीही वाढवली तरी घटत नाही. तेथे त्या वर्णक्रमाचा इंडेक्स आधीच बांधून ठेवणे हाच उपाय उरतो. इंग्रजी डेटावर घेतलेल्या मोजमापांतून काढलेले वर्क मेमचे आकडे अशा तक्त्यांना अपुरे पडतात, म्हणून मूळ लिपीतील खऱ्या नोंदी भरूनच चाचणी घ्यावी.